दस्तगीरभाईंचे रखवालदार

दस्तगीरभाईंनी मला कधीही 'कसं काय?' असं विचारलं नाही. नगरच्या तोफखाना भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाठ पडली, की ते सायकल थांबवून एक पाय जमिनीला टेकवत आणि विचारत, "काय मास्तर, किती?"

मी सांगायचं, "सहा हजार चारशे."

"रखवालदार?"

"शंभरात बत्तीस."

"बास. राजा माणूस." मग पॅडलवर पाय ठेवून ते दवाखान्याच्या दिशेनं निघून जात.

ऐकणाऱ्या परक्या माणसाला वाटे, मास्तरांची कुठंतरी मेंढरं चरायला सोडलेली असावीत. पण हा हिशेब माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा होता. टाचणीच्या माथ्यावर मावेल एवढ्याशा रक्तात त्या किती आहेत, हे दस्तगीरभाईंनी मोजलेलं असे, आणि ज्याचं त्याला आपलं पाठ असलंच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. "घराचा नंबर ठाऊक असतो, सायकलचा ठाऊक असतो. मग आपला स्वतःचा नको?" असं ते म्हणत. शाळेत मी मुलांना पाढे पाठ करायला लावीत असे, त्यामुळे मीही माझा आकडा पाठ करून टाकला.

नगरच्या एका दवाखान्यात ते रक्त तपासण्याचं काम करीत. उंच, सडपातळ, डोक्याला काळी टोपी आणि अंगात खाकी कोट. इतर लोक कोटाच्या खिशाला पेन लावतात, यांच्या खिशात बूच लावलेली सुयांची नळी असे. चालताना ते भिंगारच्या छावणीतल्या पहारेकऱ्यासारखे ताठ चालत. माणसाच्या चेहऱ्याकडे त्यांचं फारसं लक्ष नसे, बोटाकडे असे. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचं डाव्या हाताचं तिसरं बोट ते डोळे मिटून ओळखतील, अशी त्यांची ख्याती होती.

पांढऱ्या पेशी पाच जातींच्या असतात. त्यांची इंग्रजी नावं दस्तगीरभाईंना येत होती, पण ती ते फक्त दवाखान्यात वापरीत. गल्लीसाठी त्यांनी वेगळी नावं ठेवली होती. जखम झाली, पू झाला, की धावून जातं ते पायदळ. काचेवर लाल दाण्यांनी भरलेले दिसतात ते लाल फेटेवाले. ते वाढले, की पोटात जंत झाले असं समजायचं. मोठ्या, संथ पेशी म्हणजे थोरले काका. क्वचित एखादीच दिसते ती पाहुणी. आणि लहान, गोल, गच्च निळ्या अंगाच्या पेशी म्हणजे रखवालदार.

दस्तगीरभाईंचा जीव या रखवालदारांवर होता. "पायदळ काय, तुतारी वाजली की पळतं. कुणीबी बोलवा, येतं. रखवालदार मातूर घरचा माणूस. त्याला जुनं सगळं ठाऊक असतं. तो हाय तवर वाडा हाय," असं ते सांगत.

त्यांच्या माडीवरच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीपाशी एक पितळी सूक्ष्मदर्शक होता. विलायतेला परत जाणाऱ्या कुणा लष्करी डॉक्टरनं जाताना तो त्यांना दिला होता. खोलीत शिरलं, की काचपट्टीवर टाकायच्या देवदाराच्या तेलाचा वास येई. भिंतीला लाकडी पेट्या, पेट्यांत काचपट्ट्या, प्रत्येक पट्टीवर नाव आणि साल. कोपऱ्यात एक मोठी काचेची बरणी असे, कापडानं तोंड बांधलेली. त्या बरणीला कुणी हात लावायचा नाही.

गल्लीत सर्वांची खात्री होती, की त्या बरणीत मक्केचं पाणी आहे. समोर राहणाऱ्या गोदूबाईनं तर एकदा आजारी शेळीसाठी चमचाभर मागितलं. गोदूबाई कोंबड्या आणि शेळ्या पाळून राहायची आणि बोलायला कुणाला हार जायची नाही.

"गोदूबाई, हे आपल्या पत्र्यावरचं पावसाचं पानी हाय," दस्तगीरभाई म्हणाले. "विहिरीचं पानी जड. त्यानं काच धुतली तर पेशींना दिलेला रंग फिसकटतो. म्हणून साठवून ठेवतो."

"असंना का. तुमी एवढं जपताय म्हंजे कायतरी हाय त्यात."

त्यांनी चमचाभर दिलं. शेळी चार दिवसांत उभी राहिली. त्यानंतर ते पाणी पावसाचं आहे, हे सांगण्याचा नाद दस्तगीरभाईंनी सोडून दिला.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या तिसऱ्या रविवारी, ते सगळ्या गल्लीचं रक्त घेत. हा दिवसही त्यांनी विचार करून ठरवला होता. पावसाळ्यानंतरचा हिवताप तोवर उतरलेला असतो आणि फराळही पोटातून उतरलेला असतो. ईदनंतरचा दिवस का नाही धरला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "रमजान सगळ्या ऋतूंतनं फिरतो, मास्तर. दिवाळी बांधलेली हाय. मोजायला बांधलेला दिवस पाहिजे."

त्या दिवशी सकाळी काही न खाता, न पळता, न भांडता त्यांच्या माडीवर जायचं. पोटात अन्न गेलं किंवा माणूस तापला, की पेशी वाढतात म्हणून बाजेवर पाव तास गप्प बसायचं. मग सुई. पहिला थेंब ते बोळ्यानं पुसून टाकीत आणि म्हणत, "पहिला देवाचा. दुसरा माझा."

सर्वांत कठीण काम पाव तास गप्प बसण्याचं. किसन पैलवान आणि गोदूबाई यांच्या घरांमधल्या भिंतीतून वर आलेलं एक शेवग्याचं झाड होतं. ते नक्की कुणाचं यावरून त्यांचं बारा महिने जुंपलेलं असे. एका रविवारी दोघं नेमकी एकाच वेळी आली. एकाच बाजेच्या दोन टोकांना पाव तास तोंड मिटून बसली. पैलवानाच्या मानेची शीर उडत होती. दस्तगीरभाईंनी दोघांकडे पाहिलं आणि सुई परत नळीत ठेवली.

"आज तुमचं घेत न्हाई. दोघांचं पायदळ उठून बसलंय."

"झाडाचा निकाल लावा, मग बसंल खाली," पैलवान म्हणाला.

दस्तगीरभाईंनी मग आपली रेघांची काच काढून दाखवली. पेशी मोजण्यासाठी त्या काचेवर बारीक चौकोन आखलेले असतात. एखादी पेशी नेमकी रेघेवर पडली, तर ती कुठल्या चौकोनात धरायची? "वरच्या अन् डाव्या रेघेवरची आपली. खालच्या अन् उजव्या रेघेवरची शेजाऱ्याची. सगळ्या दुनियेत हाच कायदा हाय. कुणी दोनदा मोजत न्हाई, कुणी सुटत न्हाई. भिंतीच्या डाव्या अंगाला गोदूबाई. त्या अंगाच्या शेंगा तिच्या, उजव्या अंगाच्या पैलवानाच्या. शेंड्याच्या वरच्या म्हणून माझ्या."

निकाल दोघांनी मानला. शेंड्याच्या शेंगा त्यांच्याकडे पुढं बरीच वर्षं येत राहिल्या. ते आमटी फार चांगली करीत.

निरोगी माणसांचं रक्त मोजण्याचा हा खटाटोप कशासाठी, असं दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनीही त्यांना हसत विचारलं होतं. रक्त आजाऱ्याचं तपासायचं, धडधाकटाचं नव्हे, असं ते म्हणाले. दस्तगीरभाईंनी दिलेलं उत्तर नंतर दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडी झालं. "साहेब, चोरी झाल्यावर रखवालदार मोजून काय उपयोग? ते चोर यायच्या आधी मोजायचे."

त्यांचं म्हणणं एवढंच होतं. मोडलेलं हाड, साधा ताप अशा किरकोळ कारणानं आलेली काही माणसं बरी होऊन घरी जात आणि दोनचार वर्षांत भलत्याच आजारानं दगावत. जुन्या नोंदी चाळताना दस्तगीरभाईंना दिसलं, की यांतल्या बऱ्याच जणांचे रखवालदार तेव्हाच कमी होते. तेव्हा कुणाला काही दुखत नव्हतं. मग त्यांनी ठरवलं, की पन्नाससाठ निरोगी माणसं धरायची, दर वर्षी मोजायची आणि वाट पाहायची. दहा वर्षं, वीस वर्षं. नगरमध्ये एका माडीवर बसून एक माणूस हे एकटा करीत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचं कुणी ऐकणार नव्हतं. हे लिहिताना आजही माझी मान ताठ होते.

कुणाचे रखवालदार उतरले, तर ते त्या माणसाला सांगायचे नाहीत, हा त्यांचा नियम होता. आकडा उतरला, की पुढं वर्षभर "किती?" असं विचारून ते थांबत, रखवालदारांचं विचारत नसत. पण मन राहत नसे. मग त्या घरी दर आठवड्याला गोदूबाईकडची चार अंडी जात. "खा, झोप, अन् फार वझी उचलू नको," असा निरोप बरोबर असे.

गल्लीला हे कळायला दोन वर्षं लागली. एकदा कळल्यावर हाहाकार झाला. दस्तगीरभाईंची अंडी आली, की घरात रडारड सुरू होई. एकानं तर अंडी पाहून जमिनीची वाटणी करून टाकली. शेवटी दस्तगीरभाईंना बोभाटा मिटवण्यासाठी सगळ्या गल्लीला अंडी पाठवावी लागली. आमच्यासारख्या न खाणाऱ्यांकडे शेंगदाण्याचे लाडू आले. त्या वर्षी गोदूबाईच्या कोंबड्यांना फुरसत नव्हती.

पैलवानाचे रखवालदार शंभरात चौदा होते. डोंगरावरच्या चांदबीबीच्या महालापर्यंत रोज पळत जाऊन येणारा गडी. दस्तगीरभाईंनी त्याला महालावरून आल्याआल्या नव्हे, तर बसवून, निजवून, तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं. चौदा, तेरा, चौदा. तो अंडी खाऊन हसायचा. "भाई, तुमच्या दुर्बिणीला मी मावत न्हाई." दुसरी मोठी लढाई संपली त्या साली साध्या तापाचं निमित्त होऊन तो आठ दिवसांत गेला. चाळिशीही झाली नव्हती. दस्तगीरभाईंनी शेंड्याच्या शेंगा घेणं बंद केलं. झाड उजव्या अंगानं पैलवानाच्या बायकोचं राहिलं.

उलट गोदूबाईचे रखवालदार सहा वर्षं पंधराच्या वर गेले नाहीत, आणि ती आजही साऱ्या गल्लीला पुरून उरते आहे. दस्तगीरभाईंनी तेही तसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. "चुकलं तेबी लिहायचं, मास्तर. चुकलेलं खोडायचं न्हाई. शेजारी बरोबर लिहायचं." त्यांच्या नोंदवहीत एकही खाडाखोड नव्हती. मी माझ्या शाळेत एवढी स्वच्छ वही कुणाची पाहिली नाही, माझी धरून.

या कामात मी कसा ओढला गेलो, ते आता सांगतो.

दस्तगीरभाई स्वतःचंही रक्त घेत. पण स्वतः मोजत नसत. "आपलं अन् आपल्या माणसाचं रक्त आपण मोजू नये. हात गोड होतो." म्हणजे मनात असतं तिकडे आकडा कलतो. त्यांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. बायको रुकय्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती, आणि त्यांनी पुन्हा घर मांडलं नाही. लढाईच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी मला बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं.

"तुम्ही वाचणारे. डोळा सवयीचा. अन् तुम्ही परके. माझं तुम्ही मोजायचं."

परके म्हटल्याचं मला वाईट वाटलं नाही. त्यात विश्वास होता. त्यांनी मला सहा महिने शिकवलं. काचपट्टीच्या कडेपासून आत, पुन्हा कडेला, नांगर फिरवावा तसं जायचं. एक ओळ दोनदा नांगरायची नाही. शंभर पेशी होईपर्यंत थांबायचं नाही. आणि कामाला बसण्यापूर्वी एक जुनी काचपट्टी मोजून पाहायची, जुन्या आकड्याशी जमली तरच नवीन हातात घ्यायची. याला ते 'डोळा लावून घेणं' म्हणत. मी सुई टोचायलाही शिकलो. पहिल्यांदा मी सुई बोटापाशी नेऊन पुन्हा मागं घेतली तेव्हा गोदूबाई म्हणाली, "मास्तर, बोट माझं हाय, भ्या तुमाला?"

दस्तगीरभाईंचे रखवालदार मी पहिल्या वर्षी मोजले ते तेहतीस. मग तीस. मग काही वर्षं सत्तावीस, पंचवीस. मी आकडा सांगे, ते शाईनं लिहीत आणि टीपकागद दाबत.

फाळणीच्या साली त्यांचा धाकटा भाऊ शेवगावचं दुकान आवरून कराचीला निघाला. दस्तगीरभाईंनीही यावं म्हणून तो दोन दिवस येऊन राहिला. जाण्याच्या सकाळी मी तिथं होतो.

"भाईजान, हितं तुमचं कोन हाय?" तो म्हणाला.

दस्तगीरभाईंनी पेट्यांच्या रांगेकडे बोट केलं. "तिकडं गेलो तर पहिल्या वर्षापासून मोजावं लागंल. तेवढं वय ऱ्हायलं न्हाई माझं. अन् ह्या लोकांचं पुढलं पान कोन लिहिनार?"

भाऊ गेला. दिवाळी झाली. बाजारात त्या दिवसांत नको नको त्या गोष्टी बोलल्या जात होत्या. आमच्या गल्लीत भांडण नव्हतं, पण बोलणं कमी झालं होतं. या वर्षी लोक दस्तगीरभाईंच्या सुईपुढं बोट धरतील का, हे कुणी कुणाला विचारलं नाही. तिसऱ्या रविवारी ते पहाटेच उठले. बाज झटकली, बोळे करून ठेवले, सुया उकळल्या. सात वाजले. साडेसात झाले. मी एकटा बाजेवर बसलो होतो. दस्तगीरभाई एकच काचपट्टी पुन्हा पुन्हा पुसत होते.

मग जिन्यावर पावलं वाजली. गोदूबाई वर आली आणि धापा टाकीत बाजेवर बसली.

"मला बाजारला जायाचंय. पैलं माझं घ्या."

"गोदूबाई, पाव तास गप बसावं लागंल."

"मग बसते की. खालची समदीच गप बसल्यात, मी येकटीनं काय घोडं मारलंय?" आणि तिनं खिडकीतून खाली पाहून हाक मारली, "चला रे वर. का बोटं घरी ठिवून आलाय?"

तेवढं पुरलं. दुपारपर्यंत गल्ली येऊन गेली. वहीतलं एकही नाव राहिलं नाही. दस्तगीरभाई शेवटच्या माणसाला जिन्यापर्यंत सोडून आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, सगळे आले." एवढंच, पण दोनदा.

मग मी त्यांची काचपट्टी घेऊन खिडकीशी बसलो. शंभर पेशी झाल्या. रखवालदार सतरा.

मी पुन्हा मोजलं. सतराच. मागं दस्तगीरभाई कुठलंसं गाणं गुणगुणत पेट्या लावीत होते. त्यांना गुणगुणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"बावीस," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. टीपकागद दाबला.

पुढच्या वर्षी ते नऊ होते. मी सोळा सांगितले. सोळाही कमीच होते, पण नऊ म्हणायला माझं तोंड उघडेना. त्यांचा कोट तोवर खांद्यावरून उतरायला लागला होता आणि जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबत. दवाखाना मात्र चुकला नाही. आठवडाभर मी फार विचार केला आणि एका सकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, गोदूबाईकडे अंडी मागायला गेलो.

"मास्तर, तुमी? अंडी?" ती म्हणाली. मग तिनं समोरच्या माडीकडे पाहिलं. मी चार मागितली होती, तिनं सहा दिली.

मी ती रुमालात धरून वर गेलो. दस्तगीरभाईंनी रुमालाकडे पाहिलं.

"मास्तर, हे काय?"

"अंडी."

"ते दिसतंय. तुमच्या हातात?"

"गोदूबाईनं दिली. पोचती करा म्हणाली."

"गोदूबाई समोर राहती. तिला काय पोचवायचं झालं तर ती तिथनं वरडती. तिला पोस्टमन कशाला?"

मी रुमाल बाजेवर सोडून ठेवला. कुणाच्या घरी अंडी गेली म्हणजे काय समजायचं, ही रीत त्यांनीच घालून दिली होती, आणि ती त्यांना लगेच वाचता येईल, हे मी शाळामास्तर असून विसरलो होतो. त्यांनी एक अंडं उचललं, खिडकीच्या उजेडात धरून काचपट्टीसारखं निरखलं.

"ताजी हायेत," ते म्हणाले. मग बाजेकडे हात केला. "बसा. बोलू नका."

आम्ही दोघं बाजेवर पाव तास गप्प बसलो. त्या दिवशी कुणाचं रक्त घ्यायचं नव्हतं.

वैशाखात त्यांना साधी सर्दी झाली आणि पाचव्या दिवशी ते गेले. जनाज्याला खांदा द्यायला आमची सगळी गल्ली होती. मीही दिला. त्यांच्या उशाखाली एक चिठ्ठी सापडली. सूक्ष्मदर्शक, पेट्या आणि नोंदवही मास्तरांना. पाण्याची बरणी गोदूबाईंना.

नोंदवही मी सहा महिने उघडली नाही. तिसरा रविवार जवळ आला, तेव्हा नावं काढायची म्हणून उघडली. दर वर्षी ज्याचं त्याचं पान दस्तगीरभाईच उघडत आणि लिहीत. या वेळी मी पहिल्या पानापासून सुरुवात केली.

पहिलं नाव रुकय्या. रखवालदार, शाईत, अठ्ठावीस. शेजारी बारीक पेन्सिलीत लिहिलं होतं, 'खरे बारा. दोनदा मोजले. वाटले, माझेच मोजणे चुकले. सोळा मी वाढवले.' खालची दुसऱ्या वर्षाची जागा कोरी होती.

मग मी त्यांचं स्वतःचं पान काढलं. माझ्या बावीसच्या शेजारी पेन्सिलीत होतं, 'मास्तरांनी पाच वाढवून दिले. ठेवून घेतले.' त्याच्या खाली, सोळाच्या शेजारी, 'या साली सात. हेही ठेवून घेतले.'

म्हणजे नियम मोडून त्यांनी स्वतःचं मोजलं होतं. एका पेशीच्या चुकीसाठी मला तीनतीनदा बसवणारा हा माणूस, त्यानं माझ्या बारा खोट्या पेशी दोन वर्षं आपल्या वहीत राहू दिल्या होत्या.

रविवारी सकाळी मी माडी उघडली. बाज झटकली, सुया उकळल्या. एवढ्यात गोदूबाई बरणी उचलून घेऊन आली आणि तिनं ती कोपऱ्यात जिथल्या तिथं ठेवली. पावसाळ्यात तिनं ती पत्र्याखाली धरून भरली होती.

"धरा. ह्याच्याबिगर तुमचा रंग फिसकटतो म्हनं," ती म्हणाली आणि बाजेवर बसली. तिच्या मागं गल्ली जिन्यावर उभी होती.

"पाव तास," मी म्हणालो.

तेवढ्यात मला डोळा लावून घ्यायचा होता. पेटीतून मी दस्तगीरभाईंची शेवटची काचपट्टी काढली, तेलाचा थेंब टाकला, खिडकीकडे आरसा वळवला. कडेपासून आत, पुन्हा कडेला. एक ओळ दोनदा नांगरली नाही. त्यांनी मला परका म्हणून त्या खुर्चीवर बसवलं होतं. इतक्या वर्षांनी त्या सकाळी मी प्रथमच परक्यासारखं मोजलं.

शंभरात नऊ.

सोळा खोडले नाहीत. त्यांच्या पेन्सिलीच्या ओळीशेजारी शाईनं नऊ लिहिले, खाली सही केली, टीपकागद दाबला. मग बाजेकडे वळलो.

"काय गोदूबाई, किती?"

"मागल्या साली तेरा," गोदूबाई म्हणाली आणि डाव्या हाताचं तिसरं बोट पुढं केलं. कुणी न सांगितलेला आकडा तिला ठाऊक होता. कधीपासून, ते मी विचारलं नाही. पहिला थेंब पुसून टाकला.